जीपचं स्टिअरिंग हातात नाचतं तेव्हा: विलीज घराण्यातल्या गाड्यांचं वॉबलिंग, टायरच्या हवेपासून किंगपिनपर्यंत

गाडी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरवर असते. पुढचं एक चाक खड्ड्यात जातं किंवा पुलाच्या जोडावर आपटतं आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोरात हलायला लागतं की मनगटं दुखतात. बोनेट थरथरतं, पुढची दोन्ही चाकं एकदम आत-बाहेर फडफडताना दिसतात. वेग १५-२० वर आला की सगळं शांत होतं, जणू काही झालंच नाही. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. वर्कशॉपमध्ये याला ‘वॉबलिंग’ म्हणतात.

त्या क्षणी काय करायचं ते आधी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण थरथरीविरुद्ध उलटसुलट झटके देऊ नका. अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांमध्ये अडकवू नका, मोडतील. ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक हलकेच लावा. जोराने ब्रेक मारला तर वजन पुढे येतं आणि थरथर वाढू शकते. गाडी पूर्ण थांबवून पुढे वाकून बघा. टाय रॉडचा (चाकांना वळवणाऱ्या आडव्या दांडीचा) नट किंवा तो सुटू नये म्हणून लावलेली स्प्लिट पिन गेलेली असेल तर तिथून गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

हे सगळं पुढे अख्खा ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांसाठी आहे: विलीज एमबी, सीजे-२ए, सीजे-३ए, सीजे-३बी, सीजे-५, आणि त्यांच्यापासून भारतात घडत गेलेल्या महिंद्रच्या सीजे व एमएम मालिकेतल्या जीप. २०१० च्या थारचा सीआरडीई प्रकार आणि २०२० ची नवी थार यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यांच्या थरथरीचा तपास वेगळ्या वाटेने जातो.

एकच दुखणं इतकी वर्षं का?

अमेरिकन सैन्याने १९४० मध्ये हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली. पहिला नमुना बँटम कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हजर केला. पुढे मोठी ऑर्डर विलीज-ओव्हरलँडला मिळाली, आणि तोच आराखडा फोर्डनेही बनवला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. १९४५ मध्ये शेतकऱ्यासाठी सीजे-२ए आली, १९५३ मध्ये उंच बोनेटची सीजे-३बी. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी महिंद्रने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली होती, आणि सीजे-३बीचा सांगाडा आपल्याकडे पुढे कित्येक दशकं चालला. मधल्या काळात इंजिनं बदलली. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये तर प्यूजोच्या आराखड्याचं डिझेल इंजिन आलं. पण पुढच्या चाकांची मूळ मांडणी तीच राहिली: एक अख्खा ॲक्सल, दोन टोकांना किंगपिनवर (उभ्या खिळीवर) फिरणाऱ्या नकल, म्हणजे चाक धरून वळणारे भाग, खाली पाटे, आणि स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत सांध्यांची लांबलचक साखळी.

या मांडणीची ताकद सगळ्यांना माहीत आहे. दगडात आपटली तरी वाकत नाही आणि साध्या पान्यांनी खोलता येते. उणी बाजू एवढीच की दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असतात. एकाला हिसका बसला की दुसऱ्यालाही बसतो. ६.००-१६ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ५० किलोमीटरला तो सेकंदाला सहा-एक फेरे मारतो. सांध्यांमध्ये खेळ, म्हणजे सैलपणा, साचला की चाक, टायरची लवचिकता आणि पाटे यांची मिळून डोलण्याची जी स्वतःची गती असते ती नेमकी याच्या आसपास येते. मग प्रत्येक फेरा झोक्याला ढकलल्यासारखं काम करतो. म्हणूनच थरथर एका ठरावीक वेगाला धरते आणि वेग बराच खाली आल्याशिवाय सोडत नाही.

यातून कामाची गोष्ट निघते. बहुतेक वेळा एकच भाग दोषी नसतो. चार सांध्यांतला थोडा-थोडा खेळ मिळून वॉबलिंग होतं. एक टाय रॉड एंड बदलला, महिनाभर बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं, ही तक्रार याचमुळे असते. तपासणी शेवटपर्यंत पूर्ण करा, पहिला दोष सापडला म्हणून थांबू नका.

लक्षणं नीट ओळखा

सगळी थरथर म्हणजे वॉबलिंग नाही. चुकीचं लक्षण धरून किंगपिन खोलणं म्हणजे दिवस वाया.

- खड्डा लागल्यावर सुरू होते, वेग खूप खाली आणेपर्यंत थांबत नाही: हेच खरं वॉबलिंग. खालचा सगळा क्रम यासाठी आहे.
- ठरावीक वेगाला स्टिअरिंगमध्ये बारीक कंप येतो आणि वेग आणखी वाढवला की जातो: बहुधा चाकाचं बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम. पहिली पायरीच पुरेल.
- स्टिअरिंग हलत नाही, पण सीट आणि पुढचा भाग वर-खाली उडतो: टायर गोल राहिलेला नाही, रिम वाकडी आहे किंवा शॉकॲब (शॉक ॲब्सॉर्बर) गेलेत.
- फक्त ब्रेक लावल्यावर थरथर: ड्रम अंडाकृती झालाय. किंगपिनला हात लावू नका.
- थरथर नाही, पण गाडी सरळ जात नाही, सतत स्टिअरिंग सावरावं लागतं: टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं), स्टिअरिंग बॉक्सचा खेळ किंवा कमी कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव).
- फोर व्हीलमध्ये टाकून डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते: हा दोष नाही. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसल्याने कोरड्या कडक रस्त्यावर असं होणारच. टू व्हीलमध्ये आणा.

पहिली पायरी: टायर, हवा, चिखल

खर्च शून्य. तरीही हीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते.

रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आहे का बघा. मूठभर चिखल एका जागी चिकटला की बॅलन्सिंग बिघडतं. ऑफ-रोडवरून आल्यानंतर सुरू झालेलं वॉबलिंग कधीकधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जातं.

हवा थंड टायरमध्ये मोजा. सीजेच्या ६.००-१६ टायरला पुढे २६ आणि मागे २८ पौंड ही मूळ शिफारस. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी हवी, हे आकड्यापेक्षाही महत्त्वाचं. हवा कमी असली की टायरची भिंत लवते आणि चाकाला डोलायला आणखी वाव मिळतो. चढवलेला टायर वेगळ्या मापाचा असेल तर खडूने ट्रेडवर आडवी रेघ मारा आणि थोडं अंतर सरळ चालवा. रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी.

मग टायरवर हात फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा लागतो? टो-इन चुकलंय. ट्रेडवर जागोजागी वाटीसारखे खळगे आहेत? चाक बऱ्याच दिवसांपासून उडतंय. असा टायर दुरुस्तीनंतरही थरथर चालू ठेवू शकतो, हे लक्षात ठेवा.

आता पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे घाला. थरथर गेली किंवा बरीच बदलली तर दोष टायर-रिममध्ये आहे. बॅलन्सिंग करून घ्या. काहीच फरक पडला नाही तर टायर बऱ्याच अंशी निर्दोष.

चाकं बदलताना दोन गोष्टी घात करतात. जुन्या मॉडेलमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडला उलटे आटे असतात आणि स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ अक्षर असतं. नेहमीच्या दिशेने पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. यातल्या बहुतेक जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं फिरू शकतं, हँडब्रेक ओढलेला असला तरी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावल्याशिवाय मागची बाजू उचलू नका.

बाहेर आलेल्या रुंद रिम आणि मोठे टायर असतील तर तेही कारणात धरा. चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून जितका बाहेर जातो तितका प्रत्येक खड्ड्याचा धक्का लांब दांडीने स्टिअरिंगला बसतो. असे टायर बसवल्यावरच दुखणं सुरू झालं असेल तर शक्य असल्यास मूळ मापाची चाकं एक दिवस कुणाकडून उसनी आणून लावून बघा.

दुसरी पायरी: एकाने स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली हात लावायचा

इंजिन बंद, चाकं जमिनीवर, सरळ. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावं लागेल. मग हँडब्रेक आणि ठोकळे पक्के, गिअर न्यूट्रल, आणि खालच्या माणसाने चाकासमोर न बसता बाजूने हात घालायचा. एक जण स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं सतत हलवतो. दुसरा एकेका सांध्यावर अर्धा पंजा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर ठेवतो. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटांना कळतं: दोन्ही भाग एकदम हलायला हवेत. आधी एक, मग टक् करून दुसरा, असं होत असेल तर तो सांधा गेला.

बॉक्सपासून सुरुवात करून चाकाकडे जा.

स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर हलतो का? बोल्ट सैल असतील तर आवळा. पण त्याआधी बॉक्सभोवतीची चेसिस तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा आणि टॉर्चच्या प्रकाशात तिरकं बघा. विलीजच्या चेसिसला नेमकं इथे तडा जाण्याची खोड आहे. रंगाखाली केसासारखी गंजलेली रेघ दिसली तर इथेच थांबायचं. त्याचं पुढे सांगितलं आहे.

ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवरची दांडी) शाफ्टवर हलता कामा नये, तसूभरही नाही. नट आवळूनही हलत असेल तर दाते झिजलेत, आर्म बदला.

ड्रॉप आर्मपासून पुढे जाणारी दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. तिच्या जुन्या प्रकारात नळीच्या टोकांमध्ये बॉल, दोन वाट्या आणि स्प्रिंग असते आणि टोकाला स्क्रूसारखा प्लग. हा सांधा बदलण्याआधी ॲडजस्ट करून बघा. स्प्लिट पिन काढा आणि प्लग बॉलवर घट्ट बसेपर्यंत आत फिरवा. मग पुढचं टोक अर्धा फेरा सैल करा, स्टिअरिंग आर्मकडचं टोक एक पूर्ण फेरा, आणि नवी स्प्लिट पिन घाला. पूर्ण आवळून ठेवलं तर बॉल अडकतो आणि पाटे वर-खाली होताना स्टिअरिंग ओढलं जातं. आतला बॉल अंडाकृती झाला असेल तर ॲडजस्टमेंट टिकणार नाही.

मग बेलक्रँक. मॉडेलप्रमाणे हा त्रिकोणी लिव्हर पुढच्या ॲक्सलवर किंवा चेसिसच्या आडव्या भागावर बसतो. ड्रॅग लिंकची पुढे-मागे हालचाल तो टाय रॉडच्या आडव्या हालचालीत बदलतो. या घराण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच, आणि वॉबलिंगच्या तपासात सर्वांत जास्त फळ देणाराही हाच. पिनेवर अगदी थोडा खेळ असला तरी लिव्हरच्या टोकाला तो वाढून पोचतो, आणि दोन टाय रॉडच्या मांडणीत दोन्ही चाकांना मिळतो. लिव्हर हाताने वर-खाली रेटून बघा. आडवा खेळ स्टिअरिंग हलवताना दिसतो, पण पिन-बेअरिंग झिजलेलं असेल तर उभा डोल आधी कळतो. ग्रीस निप्पल इथे असतो आणि तो चिखलाने बुजलेला असतो. ग्रीस भरून बघा. खेळ गेला नाही तर पिन, नीडल बेअरिंग, वॉशर आणि सील असा पूर्ण संच बदला, नुसती पिन नाही. ब्रॅकेटचं भोकच मोठं झालं असेल तर ते बोअर करून बुश बसवण्याचं काम लेथवाल्याचं. भोकात पत्र्याचा तुकडा कोंबणं आठवडाभरही टिकत नाही.

शेवटी टाय रॉड एंड. रबरी बूट फाटलाय म्हणजे आत वाळू गेलीच समजा, खेळ आज नसला तरी उद्या येईल. नव्या एंडसाठी नट आवळताना भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून नाही. टाय रॉडचे क्लॅम्पही बघा. आटे सैल असले तर रॉड आतल्या आत फिरतो आणि टो-इन बदलत राहतं.

तिसरी पायरी: पाटे, यू-बोल्ट, शॅकल

ॲक्सल स्वतःच चेसिसखाली सरकत असेल तर वरचे सगळे सांधे नवे घालूनही उपयोग नाही. ॲक्सलला पाट्यांशी बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटांशेजारी चकचकीत घासलेला पट्टा किंवा लालसर गंजाची पूड दिसली की समजायचं, तिथे हालचाल आहे. गाडी चाकांवर उभी ठेवून चारही नट आलटून-पालटून आवळा. पाटे खोलले असतील तर काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण पाटे बसून थोडे दबतात. आवळूनही ॲक्सल सरकलेला वाटला तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर टेपने मोजून ताडून बघा.

शॅकलला (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीला) पहार लावून चेसिस आणि पाट्यामध्ये हलकं उचका. जुन्या यू आकाराच्या शॅकलला आट्यांचे बुश असतात. ग्रीस न मिळाल्याने आटे झिजले की शॅकल आडवा डोलतो. यातले काही शॅकल उलट्या आट्यांचे असतात, ओळख म्हणून दांडीवर छोटा उंचवटा असतो. तो न बघता बुश आवळायला गेलात तर नवे आटे पहिल्याच फेऱ्यात खराब होतील. नंतरच्या चपट्या पट्टीच्या शॅकलमध्ये रबरी बुश असतात. ते फाटून बाहेर आलेले दिसतात, बदलणं सोपं.

चौथी पायरी: हबचं बेअरिंग की किंगपिन?

पुढचा ॲक्सल जॅकवर उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर हे काम करू नका. मागच्या चाकांना ठोकळे.

चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला? आता दुसऱ्याला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा, कारण ब्रेकने ड्रम आणि बॅकप्लेट एक झाले. खेळ तसाच राहिला तर तो त्याच्या आत, म्हणजे किंगपिनमध्ये आहे. या एका चाचणीने अर्ध्या दिवसाची खोलाखोल वाचते. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ लागला तर तो टाय रॉडकडचा.

हबचं बेअरिंग ॲडजस्ट करायला बाहेरचा लॉकनट आणि वाकवलेला वॉशर काढा. चाक फिरवत फिरवत आतला नट ते जड होईपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि खेळही नसला पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण लॉकनटमुळे ॲडजस्टमेंट थोडी घट्ट होते. या नटाला योग्य मापाचा मोठा सॉकेटच वापरा. छिन्नी-हातोडीने फिरवलेला नट पुढच्या वेळी कुणालाच नीट आवळता येत नाही. फिरवताना खरखर ऐकू आली तर ॲडजस्टमेंट सोडा, बेअरिंग धुऊन बघा. रोलरवर डाग किंवा पापुद्रे असतील तर बाहेरच्या कपसकट बदला.

पाचवी पायरी: किंगपिनचा ताण

खरा कस इथे लागतो. समज असा असतो की किंगपिनमध्ये खेळ नसला म्हणजे झालं. तसं नाही. या ॲक्सलच्या मूळ रचनेत किंगपिनची वरची-खालची टेपर बेअरिंग मुद्दाम थोडी दाबून बसवलेली असतात. त्या दाबाने नकल फिरायला किंचित जड राहते, आणि तोच जडपणा थरथर शोषून घेतो. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा शॉकॲबसारखा भाग) नसलेल्या काळात डॅम्परचं काम किंगपिनच करत होती. बेअरिंग झिजून हा दाब संपला की हाताला खेळ जाणवत नाही, पण चाक वाऱ्यावरच्या दारासारखं मोकळं होतं. सगळं तपासलं, सगळं घट्ट आहे, तरी वॉबलिंग आहे, अशा गाडीत दोष बहुधा इथे असतो.

मोजायला स्प्रिंगचा वजनकाटा लागतो. टाय रॉड नकल आर्मपासून सोडवा. नकलच्या मागचं तेलसील आणि त्याची पट्टी मोकळी करा, नाहीतर सीलचं घर्षण आकड्यात येईल. आर्मच्या भोकात काटा अडकवून आर्मला काटकोनात ओढा. नकल सुटताना लागणारा पहिला झटका नाही, सावकाश फिरत असताना लागणारा ओढा वाचायचा. सीजेसाठी तो १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो हवा. दोन-तीन किलोच येत असेल तर कारण सापडलं. हे आकडे मूळ विलीज-सीजेच्या पुढच्या ॲक्सलचे आहेत. गाडीला दुसरा ॲक्सल बसवलेला असेल तर त्या ॲक्सलचे आकडे पाळा.

दाब वाढवायला किंगपिनच्या टोपीखालचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) कमी करायचे. ते ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंच जाडीचे येतात. एका वेळी सर्वांत पातळ एकच काढा, बोल्ट पूर्ण आवळा, नकल दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा फिरवा आणि पुन्हा मोजा. वरून आणि खालून काढलेल्या शिममध्ये फार तफावत पडू देऊ नका, नाहीतर नकल मधोमध राहत नाही.

शिम काढण्याआधी बेअरिंगचे कप मात्र बघाच. गाडी वर्षानुवर्षं सरळच चालते, म्हणून रोलर एकाच जागी ठोके देत राहतात. कपवर समान अंतरावर बारीक आडवे खळगे पडतात, नखाला लागतात. अशा कपवर शिम काढून ताण दिला तर नकल सरळ स्थितीत खळग्यात ‘बसते’ आणि वळवताना अडखळत बाहेर येते. स्टिअरिंगला मध्यावर खाच असल्यासारखं वाटतं, वळणानंतर ते आपोआप सरळ येत नाही. खळगे दिसले की बेअरिंग आणि कप नवे, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला नवं घातलं की दोन चाकांचा जडपणा वेगळा होतो आणि गाडी एकीकडे ओढते.

हे काम प्रथमच करत असाल तर सुट्टीचा पूर्ण दिवस ठेवा. हब, ड्रम, बॅकप्लेट, स्पिंडल, ॲक्सल शाफ्ट असं सगळं उतरतं. बॅकप्लेट उतरवताना ब्रेकचा होज लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधून ठेवा.

सहावी पायरी: टो-इन, मग कॅस्टर

खेळ काढून झाल्यावरच अलाइनमेंट. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात मोडते.

टो-इन घरी मोजता येतं. पुढची चाकं उचलून फिरवत ट्रेडच्या मधोमध खडूचा पट्टा काढा आणि स्थिर धरलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ ओढा. गाडी खाली ठेवा, मीटरभर पुढे ढकला. ॲक्सलच्या उंचीला पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजा, मग मागच्या बाजूने. पुढचं अंतर ३/६४ ते ३/३२ इंचाने, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटरने कमी हवं. दोन टाय रॉडच्या मांडणीत दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुळवायच्या असतात. स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवा आणि प्रत्येक बाजूला मागच्या चाकावरून पुढच्या चाकाकडे सरळ दोरी किंवा पट्टी लावून ताडा.

कॅस्टर मूळ गाडीत ३ अंश असतो. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असणं म्हणजे कॅस्टर, आणि त्यानेच वळणानंतर चाक सरळ येतं. उंची वाढवण्यासाठी पुढे लांब शॅकल लावले की तो घटतो, कारण या गाड्यांत पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि ॲक्सल पुढे लवंडतो. उपाय म्हणून पाटे आणि ॲक्सलमध्ये पाचरी घालतात. पाचरी योग्य जाडीच्या घातल्या तर उत्तम, पण ‘थोडं जास्तच घालू’ हा विचार नडतो. गरजेपेक्षा जास्त कॅस्टरनेही वॉबलिंग होतं. म्हणून पाचर घालण्याआधी गेजवर मोजून घ्या. ते गेज बऱ्याच अलाइनमेंटवाल्यांकडे असतं.

सातवी पायरी: स्टिअरिंग बॉक्स आणि डॅम्पर

जुन्या रॉस बॉक्समध्ये आधी स्टिअरिंग शाफ्टचा वर-खाली खेळ वरच्या कव्हरखालच्या शिमने काढायचा, मगच बाजूचा ॲडजस्टिंग स्क्रू. स्क्रू फिरवताना चाकं सरळ हवीत, कारण कॅम मधे सर्वांत घट्ट बनवलेला असतो. टोकाला वळवून ॲडजस्ट केलं तर मध्यावर येताना तो अडकून घासतो. आणि नेहमीची चूक सांगायलाच हवी: वॉबलिंग थांबावं म्हणून बॉक्स आवळत नेणं. बॉक्स घट्ट केल्याने थरथर हाताला कमी जाणवते, पण चाकं तशीच फडफडतात आणि सगळा मार ड्रॉप आर्म आणि चेसिसच्या बोल्टवर येतो.

डॅम्परचंही तेच. वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावर मोठे टायर असलेल्या गाडीला डॅम्पर जरूर लावा, तो चांगला भाग आहे. पण दोष तसाच ठेवून लावला तर तो काही महिन्यांत तेल गाळतो. तोवर आतला सांधा आणखी झिजलेला असतो, आणि यावेळी आधी इशारा मिळत नाही.

नंतरच्या कॉइल स्प्रिंगच्या जीपबद्दल थोडक्यात. १९८४ ची चेरोकी आणि १९९७ पासूनच्या रँगलर यांना पुढे अख्खा ॲक्सल आहे, पण पाटे नाहीत. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून ट्रॅक बार असतो. टायरनंतर तिथे सर्वांत आधी ट्रॅक बारचे बोल्ट, बुश आणि ब्रॅकेटची भोकं बघा. दुसऱ्या पायरीतली स्टिअरिंग हलवण्याची चाचणी तिथेही लागू आहे. किंगपिनऐवजी बॉल जॉइंट असल्याने शिमचा भाग मात्र लागू नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

चेसिसला तडा. वरून वेल्डिंगची रेघ मारून भागत नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडून, सांधा उघडून, आतून-बाहेरून पट्टी देऊन ते काम होतं, आणि ते चेसिसच करणाऱ्या वेल्डरकडे द्यावं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा.

ॲक्सल वाकलेला असेल, म्हणजे दोन बाजूंचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) जुळतच नसेल. मूळ कॅम्बर दीड अंश असतो.

नकल आर्मचे स्टड नकलमध्ये हलत असतील किंवा किंगपिन टोपीच्या भोकांचे आटे गेले असतील.

ब्रेकची पाइप उघडावी लागली आणि ब्रेक ब्लीड करण्याची सवय नसेल.

आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग, मग तो ड्रॉप आर्म असो, नकल आर्म असो की टाय रॉड, कुणी गरम करून सरळ करतो किंवा वेल्ड करून देतो म्हणाला तर गाडी तिथून परत आणा. गरम केल्यावर त्याच्या पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि तो पुढे इशारा न देता तुटतो. नवा किंवा चांगला जुना मूळ भाग, याला पर्याय नाही.

चालवून बघताना

सगळ्या स्प्लिट पिन नव्या आणि पाय वाकवलेल्या आहेत का, मोजा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर पाट्याला किंवा ब्रेकच्या होजला घासत नाही ना ते बघा. मोकळ्या रस्त्यावर ३० पासून सुरुवात करून पाच-पाचने वेग वाढवा, आणि आधी ज्या वेगाला थरथर यायची त्या वेगाला ओळखीच्या छोट्या खड्ड्यावरून एका चाकाने जा. एक झटका येऊन लगेच विरला तर काम झालं. दोन-तीन डोल घेऊन विरत असेल तर कुठेतरी थोडा खेळ उरलाय. परत दुसऱ्या पायरीपासून हात लावत जा, बेलक्रँकपाशी जास्त वेळ द्या. पुढच्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट, यू-बोल्ट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.